हा, तो आणि तुझ्याजवळचा तो

यंदा मॅगझिनच्या मराठी विभागासाठी मी लेख देणार आणि तोही व्याकरणावर, हे कळल्यावर आमच्या विंगमधल्या मुली आधी पोट धरून हसल्या. त्यांचं काही चुकलं नाही. मी पडले कॉन्व्हेंटची. फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये मोठ्याने विचारलं होतं, "काकू, ती पोहे संपली का?" सगळं टेबल हसलं. पुढे सहा महिने माझं नावच 'ती पोहे' पडलं. मग मी एक सोपा उपाय काढला. चारचौघींत मराठी बोलायचंच नाही. हा, ही, हे यांत चूक होण्यापेक्षा 'धिस' बरं. तिथे टेबल असो, खुर्ची असो की पोहे, सगळ्यांना एकच शब्द.

अशी मी हा-ही-हे कशी शिकले, तर पोर्तुगीजमधून. हसू नका, खरंच सांगते. आणि त्यातून एक गोष्ट कळली जी सिव्हिलच्या कुठल्याच सब्जेक्टमध्ये कुणी शिकवली नव्हती, पण त्या गोष्टीपायी साइटवर एका माणसाची अर्धी रोजी गेली होती. ते पुढे येईलच. आधी धडा.

दिवाळीतला गृहपाठ

आमचं गाव मालेगाव तालुक्यात. नाशिकचं नव्हे, वाशिम जिल्ह्याचं मालेगाव, हे प्रत्येक वेळी सांगावं लागतं. मावशी गोव्यात फोंड्याला असते. दिवाळीला ती आणि तिचा आठवीतला मुलगा गावी आले. गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य १५१० ते १९६१, म्हणजे ४५१ वर्षं होतं. ते गेलं, तरी तिथल्या काही शाळांत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेता येते. आमच्या या भावाने 'मित्रांनी घेतली म्हणून' ती घेतली आणि युनिट टेस्टला २० पैकी ६ मार्क पाडले. सुट्टी संपली की पुन्हा टेस्ट. धडा: दर्शक सर्वनामे. मावशीने वही माझ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "तू इंजिनिअर होणार ना, मग एवढं घे करून."

मला पोर्तुगीजचा गंध नाही. पण पुस्तकात मागे तक्ता होता, इंग्रजीत अर्थ होते. मी म्हटलं, सोपं आहे, धिस आणि दॅट. दहा रिकाम्या जागा मी झटकन भरून दिल्या. उत्तरं तपासली तर चार चूक. चारही एकाच जागी. 'दॅट' ला पोर्तुगीजमध्ये दोन शब्द होते आणि कुठे कोणता, ते मला सांगता येईना. भावाने अगदी शांतपणे विचारलं, "ताई, म्हणजे तुलापण सहाच मार्क का?"

आधी आपल्या घरचं

इंग्रजीतून जमेना म्हणून मराठीतून बघू म्हटलं. इथेच माझी फजिती सुरू झाली, कारण मला मराठीचा तक्ताच पाठ नव्हता. आजोबांच्या कपाटात जुनं शालेय व्याकरण मिळालं. त्यात दिलेलं असं:

जवळच्यासाठी: एकवचनात हा, ही, हे. अनेकवचनात हे, ह्या, ही.
लांबच्यासाठी: तो, ती, ते. अनेकवचनात ते, त्या, ती.

तक्ता नीट बघा. 'हे' दोनदा आलंय आणि 'ही' पण दोनदा. हे पुस्तक (एक) आणि हे मुलगे (अनेक). ही वही (एक) आणि ही पुस्तकं (अनेक). आपण घरी ऐकत ऐकत मोठे झालो म्हणून हे आपोआप जमतं. ज्याच्या कानावर कमी पडलं तो अडखळतो. 'ते पोहे' म्हणायला पोहे हा शब्द पुल्लिंगी आणि अनेकवचनी आहे, हे तोंड उघडायच्या आत माहीत असावं लागतं. त्या दिवशी मेसमध्ये मला ते माहीत नव्हतं, एवढंच.

दुसरी गोष्ट, जी परीक्षेत हमखास विचारतात. 'हा माझा भाऊ आहे' यात 'हा' एकटा उभा आहे, नामाच्या जागी. ते दर्शक सर्वनाम. 'हा मुलगा माझा भाऊ आहे' यात 'हा' शब्द 'मुलगा' या नामाला चिकटलाय. ते दर्शक विशेषण, किंवा सार्वनामिक विशेषण. शब्द तोच, काम वेगळं. हे डोक्यात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पोर्तुगीजचं तिसरं बोट

आता पोर्तुगीज. उच्चार देवनागरीत जमतील तसे देते, वळण पोर्तुगालचं.

माझ्याजवळचा: एश्ते (पुल्लिंगी), एश्ता (स्त्रीलिंगी). अनेकवचन एश्तेश, एश्ताश.
तुझ्याजवळचा: एसे, एसा. अनेकवचन एसेश, एसाश.
दोघांपासून लांबचा: अकेले, अकेला. अनेकवचन अकेलेश, अकेलाश.

मराठीत आणि इंग्रजीत आपण मोजतो ते एकाच माणसापासून, बोलणाऱ्यापासून. जवळ असेल तर हा, नसेल तर तो. पोर्तुगीज दोन माणसं मोजते. बोलणारा कुठे आहे आणि ऐकणारा कुठे आहे. वस्तू ऐकणाऱ्याच्या हातात असेल तर ती 'एसे'. दोघांच्याही हाताबाहेर असेल तर 'अकेले'. माझी चार उत्तरं इथेच चुकली होती. मी फक्त माझ्यापासूनचं अंतर मोजत होते.

याच्या जोडीला जागा सांगणारे तीन शब्दही आहेत: अकी म्हणजे इथे माझ्यापाशी, अई म्हणजे तिथे तुझ्यापाशी, अली म्हणजे तिकडे पलीकडे. जोड्या लावून पाठ केल्या की विसरत नाहीत: एश्ते-अकी, एसे-अई, अकेले-अली.

लक्षात ठेवायला भावाने स्वतःच एक युक्ती काढली. हिंदीतला 'अकेला' म्हणजे एकटा, दूर उभा असलेला. म्हणून लांबचा तो अकेले. युक्ती छान आहे, फक्त एक खड्डा आहे. पोर्तुगीजमध्ये शेवटी 'आ' आला की शब्द बहुतेक वेळा स्त्रीलिंगी असतो. म्हणजे तिथली 'अकेला' ही बाई आहे! आपल्याकडे घोडा, आंबा, दिवा सगळे पुरुष, त्यामुळे आपली जीभ इथे हमखास फसते.

बटाटा तिकडे बाई आहे

लिंगाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. आपण रोज बोलतो त्यातले कितीतरी शब्द पोर्तुगीजमधून आलेत. बटाटा, पाव, चावी, बादली, काजू, अननस, लिलाव, फीत. आणि सिव्हिलवाल्यांनो, आपल्या साइटवरचे तर बघा: मिस्त्री, घमेलं, पिंप. मिस्त्री म्हणजे त्यांचा 'मेश्त्रे', उस्ताद किंवा मास्तर.

पण येताना या शब्दांनी लिंग बदललं. त्यांचा 'बताता' स्त्रीलिंगी, आपला बटाटा पुल्लिंगी. त्यांचा 'बाल्दे' पुल्लिंगी, आपली बादली स्त्रीलिंगी. त्यांची 'गामेला' स्त्रीलिंगी, आपलं घमेलं नपुंसकलिंगी. त्यांची 'पिपा' स्त्रीलिंगी, आपलं पिंप नपुंसकलिंगी. 'शावे' मात्र इकडे-तिकडे दोन्हीकडे बाईच राहिली, ती आपली चावी. तेव्हा 'हा बटाटा' याचं पोर्तुगीज 'एश्ते बताता' नाही, 'एश्ता बताता'. भाषांतर करताना आपलं लिंग तिकडे नेऊ नका. हे मी भावाला सांगत होते आणि मनात 'ती पोहे' आठवत होते. शब्द गाव बदलताना लिंग बदलतात आणि त्यांना कुणी हसत नाही.

नाव माहीत नसेल तर

पोर्तुगीजमध्ये लिंगं दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. पण दर्शक सर्वनामांत एक तिसरी रांग आहे: इश्तु (माझ्याजवळचं), इसु (तुझ्याजवळचं), अकीलु (लांबचं). यांना अनेकवचन नाही आणि ही कधीच नामाला चिकटत नाहीत. नेहमी एकटी. नाव माहीत नसलेल्या वस्तूला, किंवा अख्ख्या एखाद्या गोष्टीला, ही वापरायची. 'उ के ए इश्तु?' म्हणजे 'हे काय आहे?'

इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही रांग जादा ओझं वाटते. आपल्याला वाटायला नको. आपण काय करतो? अंधारात हाताला काही लागलं तर 'हा काय?' किंवा 'ही काय?' विचारत नाही. 'हे काय?' विचारतो. आणि उजेड पडला की म्हणतो, 'अरे, हा तर बटाटा!' नाव कळेपर्यंत नपुंसकलिंग, नाव कळलं की त्याचं त्याचं लिंग. पोर्तुगीज अगदी हेच करते. भावाच्या वहीत यावर तीन प्रश्न होते. मी त्याला म्हटलं, आधी मराठीत विचार, तोंडून 'हे' किंवा 'ते' एकटं आलं आणि पुढे नाम नसलं, तर या रांगेतलं उत्तर. दर्शकाला पुढे नाम चिकटलेलं असेल तर ही रांग विसर.

असंच सामान्यरूपाचं. आपण 'हा घरात' म्हणत नाही, 'या घरात' म्हणतो. 'तो मुलाला' नाही, 'त्या मुलाला'. विभक्ती लागली की दर्शकाचं रूप बदलतं. पोर्तुगीजमध्ये विभक्ती नाही, पण आधी येणारी अव्ययं दर्शकाला चिकटतात. 'एं' (मध्ये) आणि 'एश्ता' मिळून 'नेश्ता'. म्हणून 'या घरात' म्हणजे 'नेश्ता काझा'. 'दे' (चा) आणि 'एश्ते' मिळून 'देश्ते'. 'दे' आणि 'इसु' मिळून 'दिसु'. सुटं लिहिलं की मार्क गेले.

उलटा धडा

हे सगळं करताना मला वाटत होतं, वाशिम जिल्ह्यातल्या ओसरीवर बसून पोर्तुगीज आणि मराठीचे तक्ते शेजारी ठेवणारी मीच पहिली असेन. घरी परत आल्यावर लायब्ररीत शोधलं तर कळलं, हा धडा लोकांनी चारशे वर्षांपूर्वी उलट्या बाजूने गिरवलाय. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला. त्याचं मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापलं गेलं. कोकणी भाषेचं पोर्तुगीजमधून लिहिलेलं त्याचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० साली गोव्यातल्या रायतूर इथे छापलं. पुढे १७७८ मध्ये रोमला एक मराठी व्याकरण छापलं गेलं, तेही पोर्तुगीज भाषेत. मराठीच्या सगळ्यात जुन्या छापील व्याकरणांत ते मोडतं. दादोबा पांडुरंगांचं मराठीतलं व्याकरण आलं ते १८३६ साली. म्हणजे कुणीतरी परदेशी माणूस आपले हा-ही-हे पोर्तुगीजच्या आधारे पाठ करत होता, तेव्हा आपल्याकडे ते छापूनही झाले नव्हते. त्याच्या किती चुका झाल्या असतील आणि त्याला कोण कोण हसलं असेल, असं मला उगीच वाटून गेलं.

आणि तीन बोटांचा हिशेब फक्त पोर्तुगीजचा नाही. स्पॅनिशमध्येही तो आहे. आपल्या हॉस्टेलवर जॉबसाठी जपानी शिकणारे आहेत, त्यांनी कोरे, सोरे, आरे घोकलं असेल. कोरे माझ्याजवळचं, सोरे तुझ्याजवळचं, आरे दोघांपासून लांबचं. अगदी तेच गणित. संस्कृतात तर चार दर्शकं: एतद्, इदम्, अदस् आणि तद्. अगदी जवळचं, जवळचं, लांबचं आणि डोळ्याआडचं. पण तिथेही मोजमाप बोलणाऱ्यापासूनच.

वावरातला तास

तक्ता झाला, नियम झाले, तरी भाऊ चुकतच होता. वहीत 'तुझ्याजवळ' असं कंसात लिहिलेलं असेल तर बरोबर, नाहीतर गडबड. कागदावर 'तू' कुठे उभा आहे हे दिसतच नाही. शेवटी मी म्हटलं, चल वावरात.

सोयाबीन निघालं होतं, गंजी लागली होती, तूर उभी होती. मी पुस्तक घेऊन गंजीपाशी बसले. त्याला बादली देऊन वीसेक पावलांवर धुऱ्यावर उभं केलं. विहिरीपलीकडे शेतातली खोली. मी ओरडून विचारायचं, त्याने ओरडून सांगायचं.

माझ्या जागेवरून: एश्ते लिव्रु (हे पुस्तक), एसे बाल्दे (तुझ्याजवळची ती बादली), अकेला काझा (ते पलीकडचं घर).

मग वस्तू तिथेच ठेवून आम्ही जागा बदलल्या. मी धुऱ्यावर, तो गंजीपाशी. पुस्तक जागचं हललं नाही, पण माझ्या तोंडी ते आता 'एसे लिव्रु' झालं. बादली हलली नाही, ती 'एश्ते बाल्दे' झाली. फक्त खोली 'अकेला'च राहिली. चारदा जागा बदलल्यावर भावाच्या लक्षात आलं, की प्रश्नात 'एसे' आला तर उत्तरात 'एश्ते' येतं. 'इसु ए तेउ?' (ते तुझं का?) 'सिं, इश्तु ए मेउ.' (हो, हे माझं.) मराठीतही असंच उलटतं, आपलं लक्ष नसतं एवढंच.

आजी गंजीच्या सावलीत बसून हे ऐकत होती. तिला वाटलं आमचं भांडण लागलंय. "काहून रे बाप्पा, कायले बोंबलता?" मग तिला तहान लागली. भाऊ धुऱ्याकडे परतला होता. ती त्याला म्हणाली, "थो तांब्या आन बरं." पोरगं पळालं थेट विहिरीपलीकडच्या खोलीकडे, कारण तिथेही दारात तांब्या होता. आजी ओरडली, "अरे थो नाही! तुह्यापाशीचा! थो पल्याडचा नाही मनलं मी!" तांब्या त्याच्या पायाशीच होता.

तो जागेवर थांबला, वळला आणि तिथूनच ओरडला, "ताई, आजी 'एसे' म्हणाली!"

आमच्या वऱ्हाडीत 'तो' चा 'थो' होतो, पण बोट एकच. तरी आजीचं काही अडलं नाही. जिथे 'थो' पुरला नाही तिथे तिने 'तुह्यापाशीचा' जोडलं, 'पल्याडचा' जोडलं. म्हणजे तिसरं बोट मराठीतही आहे. शब्दात नाही, पण जोडून घेता येतं. ते जोडायचं, की समोरच्याने समजून घ्यावं म्हणून सोडून द्यायचं, हे बोलणाऱ्यावर आहे.

भिंत

आणि तिथे गंजीपाशी बसल्या बसल्या मला ती भिंत आठवली.

सेकंड इयरनंतरच्या सुट्टीत एका साइटवर मी ट्रेनिंगला होते. साइटचं नाव घेत नाही. खिडकीसाठी एक भिंत फोडायची होती. मी ड्रॉइंग घेऊन दारात उभी. खोलीत समोरासमोर दोन भिंती. मिस्त्री त्यातल्या एकीला टेकून उभा. मला म्हणायची होती तीच, त्याच्या पाठीमागची. मी मान न वर करता म्हटलं, "मिस्त्री, ती भिंत फोडायची आहे, खिडकीची." आणि दुसऱ्या मजल्यावर निघून गेले.

तासाभराने खाली आले तर समोरची भिंत फुटलेली. ती स्वयंपाकघराची होती. मी म्हटलं, "ही कशी फोडली?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्हीच 'ती' म्हणाल्या. मी तर हिच्यापाशी उभा होतो. ही म्हणायची असती तर 'तुझ्यामागची' म्हणल्या असत्या." ठेकेदार आला, आरडाओरडा झाला. विटा वाया, पुन्हा बांधायची मजुरी वेगळी. मिस्त्रीची अर्धी रोजी कापली. मी तिथेच उभी होते. मी सांगू शकले असते की चूक माझ्या बोलण्यातली आहे. मी गप्प बसले. मनाशी म्हटलं, ड्रॉइंग स्पष्ट होतं, त्याने विचारायला हवं होतं.

ड्रॉइंग स्पष्ट होतंच. त्यावर ग्रिड होती: ए, बी, सी आणि १, २, ३. ग्रिड असते ती याचसाठी, की साइटवर कुणाला 'ही' आणि 'ती' म्हणायची वेळ येऊ नये. मी ग्रिड वाचून दाखवली नाही, बोटही दाखवलं नाही. माझ्यापासून दोन्ही भिंती लांब, म्हणून माझ्या हिशेबात दोन्ही 'ती'. त्याच्या हिशेबात मात्र एक 'ही' होती आणि एक 'ती'. तो कुठे उभा आहे हे मी पाहिलंच नव्हतं. पोर्तुगीज बोलणारी असते तर तोंडातून 'एसा' बाहेर काढायला मला मान वर करून त्याच्याकडे बघावंच लागलं असतं.

दिवाळीनंतर हॉस्टेलला परतताना मी वाट वाकडी करून त्या साइटवर गेले. मिस्त्री भेटला. मी त्याला सांगितलं की चूक माझी होती आणि अर्ध्या रोजीचे पैसे पुढे केले. मला वाटलं होतं तो 'राहू द्या मॅडम' म्हणेल. त्याने घेतले. मोजून खिशात घातले. मग म्हणाला, "पुढच्या वेळेस हात लावून दाखवा." ठेकेदारालाही जे झालं ते सांगितलं. तो म्हणाला, झालं ते झालं. त्याच्यासाठी ते तेवढंच होतं.

सराव

आता तुमची पाळी. लहान भावंडांकडून करून घ्या किंवा रूममेटला समोर उभं करा. वहीत करू नका, उभं राहून करा. शब्द असे: लिव्रु (पुस्तक, पुं.), बाल्दे (बादली, पुं.), पांव (पाव, पुं.), शावे (चावी, स्त्री.), काझा (घर, स्त्री.), झनेला (खिडकी, स्त्री.).

१. पुस्तक माझ्या हातात आहे: ____ लिव्रु.
२. बादली तुझ्या पायाशी आहे: ____ बाल्दे.
३. समोरच्या टेकडीवरचं घर: ____ काझा.
४. तुझ्या खिशातल्या चाव्या: ____ शावेश.
५. मेसमध्ये माझ्या ताटात काहीतरी आलंय, नाव सांगता येत नाही: उ के ए ____?
६. तेच तुझ्या ताटात आलंय: उ के ए ____?
७. रेक्टर सरांच्या ऑफिसच्या खिडक्या, आपण दोघी ग्राउंडवर: ____ झनेलाश.
८. मैत्रीण तिच्या घरून फोनवर म्हणते, मी पाव खातेय. मी तिच्या पावाबद्दल विचारते: ____ पांव.
९. 'इसु ए तेउ?' उत्तर: 'सिं, ____ ए मेउ.'
१०. 'या घरात': ____ काझा.

उत्तरं: १. एश्ते २. एसे ३. अकेला ४. एसाश ५. इश्तु ६. इसु ७. अकेलाश ८. एसे ९. इश्तु १०. नेश्ता.

आठव्या प्रश्नात बहुतेक जण 'अकेले' लिहितात, कारण मैत्रीण शेकडो किलोमीटरवर. पण पाव ऐकणाऱ्याजवळ आहे, म्हणून 'एसे'. किलोमीटर मोजायचे नाहीत, समोरचा माणूस बघायचा.

दहापैकी आठ आले तर उत्तम. पाच आले तर माझ्यापेक्षा बरे. त्यानंतर हीच दहा वाक्यं मराठीत म्हणा आणि जिथे नुसत्या 'तो' ने घोटाळा होईल तिथे आजीसारखं 'तुझ्याजवळचा' किंवा 'पलीकडचा' जोडा. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर, लॅबमध्ये असिस्टंट सरांना वस्तू मागताना, साइटवर तर नक्कीच.

भावाला टेस्टमध्ये २० पैकी १५ पडले. पाच गेले ते सगळे 'नेश्ता', 'देश्ते' सुटं लिहिल्यामुळे. रिझल्ट लागला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, अई पाऊस आहे का?" मी क्षणभर घोटाळले. मग कळलं, तो 'तिथे तुझ्यापाशी' विचारत होता.

आणि हो, परवा मेसमध्ये मी पुन्हा विचारलं, "काकू, ते पोहे संपले का?" टेबलावर कुणी हसलं नाही. पोहे मात्र संपले होते.